दीड कप कॉफीचा संशय

१

आमच्या भाचीवर विषप्रयोग झाला ही बातमी मला कळली, तेव्हा मी तोंडाला साबण फासून आरशापुढे उभा होतो.

"आतोबा, आत्या कुठाय? मला कुणीतरी विष घातलं," असं म्हणत खारू दारातून आत आली. सायकल भिंतीला टेकवली, टेबलावरचं केळं उचललं आणि सोलायला लागली. विष घातलेल्या माणसाच्या मानाने तिची भूक चांगलीच होती. पण दोन घास झाले नाहीत तोच केळं खाली ठेवून ती रडायला लागली, आणि माझ्या हातातला वस्तरा हातातच राहिला. दात येत होते त्यानंतर या पोरीला रडताना मी पाहिलंच नव्हतं.

खारू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. पाळण्यातसुद्धा एका जागी ठरायची नाही म्हणून खारूताई, आणि पुढे ताई गळून नुसती खारू. आता ती सायकलच्या शर्यतीत भाग घेते आणि तिथेही एका जागी ठरत नाही, हे तिच्या वेळा सांगतात.

स्वयंपाकघरातून ही आली. ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी सहसा घेत नाही, कारण घेतलं की ती लगेच विचारते, "काय सांडलंत?" निवृत्त होईपर्यंत ती विमा कंपनीत दावे तपासायची. स्वतःच्याच दुकानाला आग लावून डोळे पुसत आलेल्या लोकांकडून, चहा पाजता पाजता, काडीपेटी कुठे टाकली ते काढून घेण्यात तिची हयात गेली. निवृत्तीनंतर ती कला माझ्यावर आणि बिस्किटांच्या डब्यावर खर्च होत होती.

"नीट सांग," ही म्हणाली आणि खारूच्या शेजारी बसली.

खारूने नाक ओढत सांगितलं ते असं. गेल्या रविवारी क्लबात निवडीची शर्यत होती. तळ्याकाठच्या रस्त्यावर एकेकट्याने सुटायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. सगळ्यात कमी वेळ जिचा, ती संघात. जागा एकच, आणि त्या जागेवर डोळा असलेल्या दोघी, खारू आणि तिची जिवाभावाची मैत्रीण लंबू. शर्यतीआधी दोघींनी कॉफी घेतली. थरमास लंबूने आणला होता. अर्ध्या वाटेवर खारूची छाती धडधडायला लागली, हातांना कापरं भरलं, पोटात ढवळून आलं. रोज ज्यांना ती मागे टाकते त्या मुलीसुद्धा तिच्या पुढे गेल्या. आणि लंबूने आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ दिली.

"तरी मला काही वाटलं नव्हतं, आत्या. पण काल सर म्हणाले, शर्यत संपल्या संपल्या लंबू गुपचूप माझा कप धूत होती. त्यांनी बघितलं. येत्या रविवारी शर्यत परत घेणारेत. त्याआधी लंबूने खरं सांगितलं नाही तर तिचं नाव क्लबातून काढून टाकणार."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? ती माझी मैत्रीण आहे." मग जरा थांबून म्हणाली, "होती."

"कॉफी किती प्यालीस?"

"दीड कप. सरांनी दोन सांगितले होते, कडक. पण मला जाईना. उरलेली तिनेच ढोसली आणि मग गेली हवेत."

हिने खारूच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तो साबण पुसा. क्लबात जायचंय. या पोरीला विष कुणीही घातलेलं नाही. पण भलतंच काहीतरी घातलं गेलंय, आणि ते कॉफीत नव्हे."

२

क्लबची खोली म्हणजे रबर आणि साखळीच्या तेलाचा वास. खुंट्यांवर टायर, टेबलावर गळपट्टीसारखी गुंडाळलेली ट्यूब, आणि त्यामागे गळ्यात घड्याळ अडकवून बसलेले सर. माणूस शिस्तीचा. समोरच्याला बसा म्हणायच्या आधीसुद्धा घड्याळ बघणारा.

"मुळात मुलींना कॉफी पाजायचं डोकं कुणाचं?" हिने विचारलं.

"माझं," सर म्हणाले, "पण डोळे झाकून नाही हं पाजली. आधी तपासणी केली. सगळ्यांची थुंकी प्रयोगशाळेत पाठवली."

माझा चेहरा बघून त्यांनी समजावून सांगितलं. "असं बघा, आपलं यकृत कॉफीचा निचरा करतं. कुणाचं ते काम भरभर चालतं, कुणाचं रमतगमत. ते बऱ्याच अंशी जन्मतःच ठरलेलं असतं, जनुकांत. ज्यांचं भरभर, त्यांना शर्यतीआधी कॉफीचा फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलंय. रमतगमतवाल्यांना होत नाही, उलट काहींची वेळ बिघडते. आता सगळेच अभ्यास एक बोलत नाहीत. झोप, सवय, किती प्यालात, त्यावरही असतं. पण म्हटलं, निदान अंधारात तीर नको."

"आणि खारूचं?"

"भरभर. लंबूचंही भरभर. बाकीच्या मुलींना मी कॉफी दाखवलीसुद्धा नाही. आणि शर्यतीच्या दिवशी नवीन काही करायचं नाही हा माझा नियम आहे, म्हणून आधी सरावात एकदा पाजून बघितली. खारू म्हणाली, 'मस्त वाटलं सर.'"

"थुंकी तुमच्यासमोर घेतली?"

"नाही हो. ह्या मुली एकमेकींसमोर थुंकायला लाजतात. रस्त्यावर सायकलवरून बिनदिक्कत थुंकतील, पण नळी दिली की लाजतात. म्हणून नळ्या घरी दिल्या." ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "पण बाईसाहेब, तुमची भाची काही साधी नाही. आधी काही खायचं-प्यायचं नसतं, बजावून सांगितलं होतं. प्रयोगशाळेतून फोन आला, हिचा नमुना तपकिरी आहे म्हणून. विचारलं तर शपथेवर सांगते, पाणीसुद्धा प्यायले नाही! नमुना चालून गेला, म्हणून मी सोडून दिलं."

हिची नजर टेबलावर खिळली. मला वाटलं ट्यूब बघतेय.

"लंबू कुठे भेटेल?"

"मागे, दुरुस्तीच्या शेडमध्ये. बोलत नाही ती कुणाशी."

लंबू खरोखरच लंबू होती. स्टुलावर बसली होती तर गुडघे हनुवटीला लागत होते. समोर अडकवलेलं चाक फिरवून ती एकेक तार आवळत होती. आम्हाला बघून उभी राहिली, हात पुसले, "नमस्कार काकू" म्हणाली आणि पुन्हा तारांकडे वळली. डोळे सुजलेले होते.

"कप तू धुतलास?" हिने विचारलं.

"हो. मीच धुतला."

"का?"

चाक फिरून फिरून थांबलं. "ते खारूला माहितेय," लंबू म्हणाली. "तिला आठवत नसेल, तर मी सांगणार नाही. नाव काढायचं तर काढू देत."

३

बाहेर आल्यावर मी माझा निष्कर्ष जाहीर केला. "पोरगी लपवतेय. तिनेच केलंय."

"अहो, लपवणारी माणसं सगळं लपवतात. ही 'धुतला' म्हणून मोकळी झाली," ही म्हणाली. "रागावलेलं माणूस आणि घाबरलेलं माणूस यात फरक असतो. तुम्ही शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवलीत, चेहरे बघत नव्हतात का?"

मी म्हटलं, मुलं फक्त डोंगर आणि सूर्य काढायची. त्यावर ती पुढे चालायला लागली.

तिथून आम्ही खारूच्या घरी गेलो. खारू परस्पर कॉलेजला गेली होती. वहिनी, म्हणजे खारूची आई, वाचनालयातून नुकतीच जेवायला आली होती आणि भांड्यांवर राग काढत होती.

"वन्सं, मी पहिल्या दिवसापासून ओरडत होते, कॉफी नको म्हणून," ती म्हणाली. "पण माझं ऐकतंय कोण? मी अर्धा कप घेतली तरी हात लटपटतात, रात्रभर छताशी गप्पा मारत पडते. म्हणून मी खारूला लहानपणापासून कॉफीचा थेंब दिला नव्हता. आणि या घरात कॉफीला काही कमी नाही हो. यांची सकाळपासून सुरू असते, झोपायच्या आधी एक कप पिऊन माणूस घोरायला लागतो! तो अहवाल आला तर घरभर नाचले. म्हणे, बघ, पोरगी माझ्यावर गेलीय."

"ते तर आपण सगळेच म्हणतो," मी म्हटलं. आणि खोटं नव्हतं. खारूचं नाक बापाचं, पाय फेंगडे टाकून चालणं बापाचं, पाठोपाठ दोन शिंका देणंही बापाचं. बारशालाच आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही बापावर गेली." तेव्हापासून ते वाक्य घरात पाहुण्यांच्या तोंडीसुद्धा ठरलेलं.

"सरावात कॉफी दिली होती, त्या दिवशी कशी होती ती?" हिने विचारलं.

"मला म्हणाली, मस्त. पण झोपली नसावी. खोलीत येरझारा ऐकू येत होत्या. विचारलं तर म्हणे अभ्यास."

"आणि त्या नळीत थुंकायचा कार्यक्रम कुठे झाला?"

वहिनी एकदम हसली. "अहो, इथेच, ओट्याशी. तोंडच कोरडं पडलं बाईसाहेबांचं. हे समोर बसून लिंबू, चिंच, कैरी असं म्हणत होते, तिच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून. स्वतःचंच सुटलं, तिचं काही सुटेना. मग एकदाची भरली आणि ती आंघोळीला गेली. मीही कपडे आणायला गच्चीवर गेले. सकाळी यांनीच नळी क्लबात पोचवली."

"सोन्या कुठाय आता? दुकानात?" सोन्या म्हणजे हिचा भाऊ. पन्नाशीला आला, डोक्यावर चांदी आली, तरी बहिणीसाठी सोन्याच.

"दुकानात. कपाळाला रुमाल बांधून. रविवारपासून डोकं धरलंय यांचं. कॉफी सोडलीय ना एकाएकी."

हिच्या हातातला पाण्याचा पेला ओठांपाशीच थांबला. "सोन्याने कॉफी सोडली?"

"शर्यतीवरून आले आणि कॉफीचा डबाच शेजारी देऊन टाकला. का ते सांगत नाहीत."

ही उठली. चपला घालून ती जिन्यात आली. मग म्हणाली, "चला. अपराधी सापडलाय. पण या वेळी काडीपेटी कुठे टाकली हे विचारायला माझी जीभ रेटत नाहीये, कारण तो माझा भाऊ आहे."

४

माझ्या मेहुण्याचं चष्म्याचं दुकान इतकं चिंचोळं आहे की दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याला बाहेरूनच नंबर सांगावा लागतो. भिंतभर चौकटी, आणि आरशात बघणाऱ्याला स्वतःऐवजी चौकटीच दिसतात. सोन्या गल्ल्यामागे बसला होता. कपाळाला रुमाल, पुढ्यात लिंबूपाणी.

वाटेत माझ्या मनात एक भयंकर कल्पना येऊन बसली होती. संघात निवड झाली की खारूला दूरच्या प्रशिक्षण केंद्रात राहायला जावं लागणार होतं. एकुलती एक पोर घरातून जाऊ नये म्हणून बापानेच तर थरमासमध्ये काही... मी ते हिच्या कानात सांगितलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी लगेच चौकटी बघायला लागलो.

"ताई! भाऊजी! या," सोन्या म्हणाला. आवाजात जीव नव्हता.

"डोकं दुखतंय?" ही म्हणाली.

"थोडं."

"वर्षानुवर्षांची कॉफी एका दिवसात सोडलीस तर दुखणारच. शिक्षा करून घेतोयस का रे स्वतःला?"

सोन्याने एक चष्मा उचलला आणि काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. लहानपणी खोडी केली की हा असाच पाटी पुसत बसायचा, असं हिने मला नंतर सांगितलं.

"सोन्या, एका पोरीचं नाव रविवारी क्लबातून काढतायत. काही केलेलं नसताना. तिला मी आत्ताच भेटून आले. चाकाच्या तारा आवळत बसलीय आणि डोळे सुजलेत."

तो पुसतच राहिला.

"मी तुला एकच विचारते," ही हळू आवाजात म्हणाली. हिचा इतका मऊ आवाज मी आमच्या लग्नानंतर मोजक्याच वेळा ऐकलाय. "नळी सांडली कशी?"

सोन्याच्या हातातून चष्मा गल्ल्यावर पडला.

५

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे दुरुस्तीच्या शेडमध्ये जमलो. सर घड्याळासकट उभे. वहिनी वाचनालयातून धावत आलेली. खारू एका कोपऱ्यात, लंबू दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोघींची नजर आपापल्या बुटांवर. सोन्या दारात, आत येऊ की नको अशा बेतात.

"आधी कप," ही म्हणाली. "खारू, तुझ्या कपात उरलेली कॉफी कुणी प्यायली?"

"लंबूने."

"त्यात तिने काही घातलं असतं, तर ती प्यायली असती का ग?"

खारूने मान वर केली. सरांनीही.

"पण तिने तो धुतला," सर म्हणाले, "मी स्वतः..."

"शर्यत संपल्यावर तू खाली बसलीस, खारू. पाणी कुणी दिलं?"

"लंबूने," खारू म्हणाली. मग तिचा चेहरा बदलत गेला. "माझ्या बाटलीत साखरेचं पाणी होतं. मला त्याच्या वासानेच मळमळत होतं. मी म्हटलं, साधं पाणी दे. तिने... कपातून आणलं."

"कॉफीच्या कपातून साधं पाणी आणायचं तर आधी काय करावं लागतं?"

"धुवावा लागतो," खारू पुटपुटली. लंबूने पाठ फिरवली.

"म्हणजे कॉफी चांगली आणि मैत्रीणही चांगली. तरी पोरीची दाणादाण उडाली. मग खोट राहिली कुठे? अहवालात."

"प्रयोगशाळा नावाजलेली आहे," सर म्हणाले.

"तिची काहीच चूक नाही. तिने तर तुम्हाला फोन करून सांगितलं. थुंकी तपकिरी होती. तुम्हाला वाटलं, खारू खोटं बोलते. पण त्या दिवसापर्यंत या मुलीने कॉफी चाखलेली नव्हती. आईने दिलीच नव्हती. मग तपकिरी कशाने? नळी भरली ती स्वयंपाकघरात. भरल्यावर ही आंघोळीला, आई गच्चीवर. खाली राहिलं एकच माणूस, आणि त्या घरात दिवसभर कॉफी पिणारं तोंडही तेच. त्या माणसाचा अहवाल भरभर येणारच. कॉफी पिऊन घोरतो तो!" ती दाराकडे वळली. "पुढचं तू सांग, सोन्या."

सोन्या आत आला. कपाळाचा रुमाल सोडून त्याने हातात घेतला.

"वरचं फडताळ उघडताना कोपर लागलं," तो म्हणाला. "झाकण लावायचं राहिलं होतं. सगळं मोरीत गेलं. बिचारी किती वेळ बसून भरत होती! तिला परत बसवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, आपणच भरून टाकू. आणि खरं सांगू का, त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. जन्मल्यापासून सगळे म्हणतात, बापावर गेलीय. नाक माझं, चाल माझी, शिंका माझ्या. म्हटलं, थुंकी तेवढी वेगळी असेल काय?"

सरांच्या तोंडून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, ते कळलं नाही.

"अरे, नाक दिसतं म्हणून आपण नाकावरून ठरवतो," ही म्हणाली. "अर्धं तुझं, अर्धं तिच्या आईचं. त्यातलं कोणतं अर्धं कुठे जाऊन बसलं, ते बारशाच्या बायकांना काय दिसणार?"

"शर्यतीनंतर तिला थरथरताना पाहिलं," सोन्या म्हणाला, "आणि चर्रकन कळलं. हिची आई कॉफी प्यायली की अगदी अशीच करते. रोज उठून ठरवायचो, आज सांगतो. दुकान उघडायचो आणि गप्प बसायचो. तोवर या पोरीवर आळ आला, आणि मग तर तोंडच उघडेना." तो लंबूपुढे जाऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण मान खाली. "बाळ, माझं चुकलं. तुझं काहीच नव्हतं. सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं."

"बाबा," खारू म्हणाली, "तू माझ्या जागी थुंकलास?" आणि रडता रडता तिला हसू फुटलं. बापही हसला आणि दोघं मिळून रडायला लागले. वहिनीने तेवढ्यात नवऱ्याच्या हातातला रुमाल हिसकावून घेऊन डोळे पुसले.

"तू फार हसू नकोस," ही खारूला म्हणाली. "सरावाच्या दिवशी रात्रभर येरझारा घातल्यास, झोप लागली नव्हती, आणि सरांना काय सांगितलंस? मस्त! बिघडलं की तोंड मिटून बसायचं, ही खोड मात्र खरोखरच बापाची उचललीस."

सर पुढे झाले. लंबूची त्यांनी माफी मागितली आणि घड्याळाकडे न बघता मागितली, हे मी मुद्दाम सांगतो. खारूचा नमुना पुन्हा पाठवू, या वेळी माझ्या डोळ्यांसमोर, असंही म्हणाले. आणि तोवर तिला कॉफी बंद.

खारू लंबूपाशी गेली. "लंबू," ती म्हणाली. "सॉरी."

लंबूने अडकवलेलं चाक सोडवलं आणि खांद्यावर घेतलं. "सरांनी संशय घेतला, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "ते सर आहेत. पण तू मला एकदा विचारायचंस. कप का धुतलास, एवढंच. तू सरांचं ऐकलंस आणि मानलंस."

आणि ती निघून गेली. शेडच्या दारातून तिला वाकून जावं लागलं. खारू तिच्या मागे धावली नाही. कशी धावणार? आळ पुसला गेला होता, पण ज्यासाठी ही पोरगी त्या सकाळी आमच्या घरी येऊन रडली, ते अजून तिच्या हाती लागलं नव्हतं.

६

रविवारी सकाळी तळ्याकाठी आम्ही सगळे हजर होतो. सोन्याच्या हातात लिंबूपाणी, वहिनीच्या हातात सोन्याचं कोपर. पुन्हा काही सांडायला नको म्हणून, असं ती म्हणाली.

हा प्रकार मी पहिल्यांदाच जवळून बघत होतो. एकेकीने सुटायचं असतं. सुटण्याआधी मुलगी सायकलवर बसते आणि दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवून टाकते. जमिनीला काहीच टेकलेलं नसतं. मागे एक जण सीट धरून उभा राहतो. त्याने जरा हात हलवला किंवा आधी सोडला, की मुलगी आडवी, आणि पाय अडकलेले असल्याने तोंडावर. ते काम सर स्वतः करायचे. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता.

खारू सुटली. कॉफी नाही, काही नाही, नुसतं पाणी. परत आली तेव्हा सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. या वर्षातली तिची सर्वांत चांगली वेळ होती. एवढ्या मुलींत ती पहिली, आणि सुटायची राहिली होती फक्त लंबू.

गेल्या तीन-चार दिवसांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. खारू हेल्मेट न काढताच रस्त्याच्या कडेला वाकून श्वास घेत होती. लंबू कॉफीचा रिकामा कप सरांच्या टेबलावर ठेवून आली आणि सायकलवर चढली. सर सीट धरायला पुढे झाले.

"सर, तुम्ही नको," लंबू म्हणाली. मागे न बघता. "खारू धरेल."

सरांनी खारूकडे पाहिलं. ज्या मुलीची जागा या शर्यतीत जाऊ शकत होती, तिच्याच हातात लंबूची सीट द्यायची होती. ते काही बोलणार, एवढ्यात खारू धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी सीट पकडली. लंबूने एक पाय अडकवला, मग दुसरा. आता ती पूर्णपणे खारूच्या हातात होती.

मी जवळच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"हात थरथरतोय तुझा," लंबू म्हणाली.

"कॉफी नाही प्यायले."

"माहितेय. घट्ट धर."

"धरलंय."

सर आकडे मोजत होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. शेवटच्या आकड्याला खारूने हात सोडले आणि लंबू बाणासारखी गेली. खारू तिच्यामागे रस्त्यावरून धावत सुटली, घसा फाटेस्तोवर ओरडत, "चल लंबू! चल! चल!" नखं चावत उभ्या असलेल्या सोन्याला कुणासाठी ओरडावं ते कळेना. शेवटी तोही लंबूच्या नावाने ओरडायला लागला.

लंबू परत आली तेव्हा सगळे सरांच्या घड्याळावर वाकले. मी वाकलो नाही, मला तोंडांवरून कळलं. लंबू अगदी थोडक्यात पुढे होती. संघातली जागा तिची झाली.

खारूलाही ते कळलं असणार, कारण ती क्षणभर थांबली. मग धावली. लंबूची सायकल पुरती थांबलीही नव्हती, पाय पेडलमधून सुटले नव्हते, तेवढ्यात खारूने जाऊन तिच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघी सायकलीसकट रस्त्यावर आडव्या झाल्या. चाक वर, गिरगिर फिरतंय. खाली दोघी, कोणाचा हात कुठला ते कळत नव्हतं, आणि दोघीही एकाच वेळी काहीतरी बोलत होत्या.

मी त्यांना उठवायला निघालो, तर हिने मागून माझा शर्ट धरला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "खरचटलं असेल तर नंतर बघू."